उसनं नाव

११ ऑक्टोबर २०१४, शनिवार. म्युनिक

वही कोरीच निघाली.

काल बाळाची पाचवी. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. दवाखान्यात कोण ठेवू देणार? तिथं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत, हळदकुंकू कुठलं चालायला. मग इथं घरीच ओट्याच्या कोपऱ्यात सुपारी मांडली, पुढं ही वही उघडून ठेवली, वर बॉलपेन. सकाळी बघते तर रेघसुद्धा नाही. आता सटवाईला म्युनिक सापडलं नसेल तर तिचा तरी काय दोष. मला स्वतःला अजून घरापासून बसस्टॉप सापडत नाही.

वही दवाखान्यातलीच आहे. ज्यांचं बाळ दिवस भरायच्या आधी होतं त्या आईला तिथल्या नर्सबाई एक वही देतात. रोज चार ओळी लिहा, पुढं पोर मोठं झालं की वाचेल. ऊर्मिलानं, म्हणजे माझ्या सुनेनं, ती पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही. जाड कागद, वर ससा काढलेला. फुकट घालवायची का? सटवाई लिहीत नाही, सून लिहीत नाही, मग म्हटलं मीच लिहिते. चौथी पास आहे मी. किराण्याच्या यादीपलीकडे तीस वर्षांत काही लिहिलं नाही, पण अक्षर बरं आहे.

पहिल्या पानावर जर्मनमध्ये काहीतरी छापलंय आणि पुढं रिकामी रेघ. माझा मुलगा हृषिकेश म्हणाला, "आई, तिथं बाळाचं नाव लिहायचं." ती रेघ सोडून दिली आणि दुसऱ्या पानापासून सुरुवात केली. नाव कुठाय अजून.

मुलगी आहे. सोमवारी झाली. अडीच महिने आधी. एक किलो तीनशे दहा ग्रॅम. माझ्या घरी ह्यापेक्षा जड दुधी येतो.

आत्ता ह्यांचा सांगलीहून फोन आला होता. पोरीची चौकशी केली आणि मग विचारतात, "ज्वारीच्या पिठाचा डबा कुठं ठेवलायस?" मी म्हटलं, मांडणीखाली, तांदळाच्या पिंपामागं. म्हणे नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं इंजिनं उघडली ह्या माणसानं, आणि डबा सापडेना.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज मला आत सोडलं. अर्धा तास.

काचेची पेटी. तिच्यात आमची पोर. नाकात नळी, पायाला वायर, डोक्यावर लोकरीची टोपी. कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसतंय. मी बघून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. रडायला नव्हे. नाक पुसायला.

ओळीनं सहा पेट्या आहेत. प्रत्येक पेटीवर रंगीत कार्ड, कुणाच्या कार्डावर अस्वल, कुणाच्या कासव, आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव. लेना. योनास. आमच्या कार्डावर साळिंदर आहे आणि नुसतं लिहिलंय, 'मुलगी, खराडे'. श्वेस्टर मोनिका म्हणून जाडशी नर्स आहे. इथं नर्सला श्वेस्टर म्हणतात, म्हणजे आपलं सिस्टरच. ती हृषिकेशला म्हणाली, ही पोर मधेमधे श्वास घ्यायला विसरते. लवकर झालेली मुलं विसरतात. मग मशीन ओरडतं, आम्ही पायाला चोळतो, नाव घेऊन हाक मारतो, की घेते श्वास. हिला हाक काय मारू? खराडे म्हणू?

हृषिकेशनं ऊर्मिलाकडं पाहिलं. ऊर्मिला बाटलीवर तारीख लिहीत होती. दूध काढते, बाटलीवर वेळ आणि तारीख घालते, श्वेस्टरकडं देते. ती लॅबमध्ये संशोधन करते ना, तसंच चाललंय. पेटीला दोन भोकं आहेत हात घालायला. लेनाची आई सारखी हात घालून बसलेली असते. आमची हात मांडीवर ठेवून बसते.

मला राग आला. घरी येताना गाडीत बोललेच, "अगं, हात तरी लाव पोरीला."

"आई, नको," म्हणाली. एवढंच. 

१४ ऑक्टोबर, मंगळवार

टॉवेल शोधायला कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात खोक्यात लाकडी अक्षरं सापडली, रंग दिलेली, भिंतीवर लावतात तसली. मी इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचते. वेळ लागला. अनिमेष. आणि दुसऱ्या पिशवीत ऊर्जा.

आधीची दोन पोटातच गेली. तेव्हा फोनवर एवढंच कळलं होतं. नावंसुद्धा ठरली होती हे आज कळलं. पोटातल्या पोराला नाव ठेवतात का कधी? पण हे सांगायला मी इथं नव्हते, आणि असते तरी माझं कुणी ऐकलं नसतं.

खोकं होतं तसं ठेवलं. टॉवेल दुसरीकडं होता.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज एक विचित्रच झालं.

बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. रस्त्यावरून कुणी बाई ओरडली, "एडिथ!" आणि मी "ओ!" म्हणून मोकळी झाले. मोठ्यांदा. हातातला हृषिकेशचा शर्ट खाली पडला.

खाली एक म्हातारी सायकल धरून उभी. तिनं वर बघितलं, मी खाली बघितलं. तेवढ्यात तळमजल्याच्या फ्राऊ हूबरनी, म्हणजे हूबरबाईंनी, खिडकी उघडली आणि दोघींचं बोलणं सुरू झालं. फ्राऊ हूबर ऐंशीच्या पुढच्या. हृषिकेश-ऊर्मिलाला पहिल्या दिवसापासून ह्यांचा आधार. त्यांचं पहिलं नाव एडिथ आहे हे मला काय माहीत. इथं बेलवर आडनाव असतं, हाक मारतात ती आडनावानं.

शर्ट आणायला खाली गेले तर फ्राऊ हूबर हसून काहीतरी म्हणाल्या. मी आपलं "जा, जा" म्हटलं. जा म्हणजे इथं हो. आधी वाटायचं मला घालवून देतायत.

वर येऊन पोळ्या करायला घेतल्या. दोन करपल्या. माझ्या पोळ्या करपत नाहीत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बारावा. बारसं आज व्हायचं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, पोर पेटीत. घरात कुणी विषयही काढला नाही.

ही वही कुणी वाचणार नाही. ज्याला वाचायची त्याला अजून डोळे नीट उघडता येत नाहीत. म्हणून लिहून टाकते.

माझं नाव एडिथ होतं.

माझे दादा, म्हणजे वडील, मिशनच्या दवाखान्यात माळी होते. आम्ही काही ख्रिस्ती नव्हे. दादांच्या गळ्यात माळ होती आणि हातात मिशनची झारी. माझ्या आईची आधीची तीन मुलं गेली. एक पाचवीच्या आत, दोन बारशानंतर. मी चौथी. अशा घरात काय करतात? पोराला दगडू, धोंडू, केराबाई असलं काहीतरी नाव ठेवतात, म्हणजे काळाला वाटतं, ह्याची कुणाला किंमत नाही, ह्याला नेऊन काय करायचं. नाहीतर पोर दुसऱ्याच्या ओटीत घालतात आणि सूपभर कोंडा घेऊन विकतात. मग ते आपलं नाही, दुसऱ्याचं. आपण नुसतं सांभाळायचं.

दवाखान्यात इंग्लंडची एक सिस्टर होती, सिस्टर एडिथ. उंच, लाल नाकाची, शेपूची भाजी आवडीनं खायची. दादांनी मला तिच्या ओटीत टाकलं आणि म्हणाले, सिस्टर, ही तुमची. तिनं आधी रागावून घेतलं, मग हसली, मग गोठ्यातला कोंडा सुपात घालून खरोखर आणून दिला. आणि दादांनी नावही तिचंच घेतलं. आई म्हणाली, अहो, हे कसलं नाव, मला म्हणता येईना. दादा म्हणाले, "तुला म्हणता येईना तर सटवाईला काय वाचता येणार? तिला मोडी येते, बाळबोध येते. इंग्रजी येत नाही."

मी जगले. माझ्यामागं भास्कर जगला. असं नाव पोर पाच वर्षांचं झालं की उतरवतात, मग खरं नाव ठेवतात. माझं उतरवलं नाही. तोवर सिस्टर तिच्या देशाला गेली होती आणि आईला धीर होईना. शाळेत पोरं चिडवायची. गुरुजीसुद्धा हजेरी घेताना हसायचे. चौथीनंतर मी दप्तर टाकलं ते टाकलंच. लोक विचारतात, शाळा का सोडली. मी सांगते, घरी काम होतं.

लग्न चौऱ्याऐंशी साली. सासूबाई म्हणाल्या, असलं नाव आमच्या घरात नको. माझा मुलगा उखाण्यात काय घेणार? एडिथला यमक कुठलं जुळायचं? ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं शैला लिहिलं. मला आनंदच झाला. सुटले म्हटलं एकदाची. आई मात्र त्या ताटाकडं बघून रडायला लागली. पाठवणीला रडायचं सोडून तिथंच. सासूबाईंचा हात धरून म्हणते, "विहीणबाई, कधी आजारी पडली तर एवढं त्या नावानं हाक मारा." सगळा मांडव हसला. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याशी नीट बोललेसुद्धा नाही त्या दिवशी.

आई तेवढी शेवटपर्यंत म्हणायची, आम्ही दोघीच असलो की. "एडिथ, जेवलीस का?" भास्कर ताई म्हणतो. आईला जाऊन पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून ती हाक कुणी मारली नाही. काल मारली, ती फ्राऊ हूबरना होती.

ह्यांनी एकदा विचारलं होतं, नवीन लग्न झालेलं तेव्हा. "तुझं ते पहिलं नाव नीट म्हणून दाखव की." मी म्हटलं, काय करायचंय. पुन्हा विचारलं नाही.

हृषिकेशला ह्यातलं काही माहीत नाही. पुरे झालं. हात दुखला.

१९ ऑक्टोबर, रविवार

वही मी तांदळाच्या बरणीमागं ठेवते. आज डाळीच्या बरणीमागं सापडली. हृषिकेश काहीतरी शोधत असेल. त्याचा बापही असाच. फोन आला होता, डबा अजून सापडला नाही. मी म्हटलं, मग भात खा.

हृषिकेशला सहज विचारल्यासारखं विचारलं, "खालच्या बाईंचं नाव आहे ना, एडिथ, त्याचा अर्थ काय रे?"

त्यानं मोबाईलमध्ये बघितलं. म्हणाला, "फार जुनं इंग्रजी नाव आहे. हजार वर्षांपूर्वीचं. राजाच्या मुलीचं होतं. दोन शब्द जोडलेत, एक संपत्ती आणि एक युद्ध."

"इस्टेट आणि मारामारी," मी म्हटलं. "म्हणजे भाऊबंदकी."

तो इतका हसला. जवळजवळ दोन आठवड्यांनी हसला पोरगा. मग म्हणाला, "इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वी घरोघरी एडिथ होत्या. मग इथल्या लोकांनी घेतलं. आता कुणी ठेवत नाही. आपल्याकडं द्वारकाबाई कोण ठेवतं आता, तसं."

मला वाटलं होतं, सिस्टरचं नाव म्हणजे काहीतरी फूलबीळ असेल. मारामारी निघाली. पण माझ्या स्वभावाला धरूनच आहे म्हणायचं. ह्यांना कळलं तर म्हणतील, तरीच.

लिहायचं राहिलं. आज सकाळी उठते तर ऊर्मिला ओट्यापाशी. पोहे करत होती. मागं एकदा कुठंतरी, ह्याच वहीच्या शेवटच्या पानावर बहुतेक, मी चिडून लिहिलं होतं की प्रभाबाईंनी लेकीला पोहेसुद्धा शिकवले नाहीत. प्रभाबाई म्हणजे विहीणबाई. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्या येऊ शकल्या नाहीत. तर आज स्वतःहून पोहे! चिकट झाले होते. मी खाल्ले, बोलले नाही. सूर्य कुठून उगवलाय कोण जाणे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पोरीला जंतू झाला. ताप नाही, उलट गार पडते. औषध सुरू केलंय. काल दिवसात अकरा वेळा श्वास विसरली. हृषिकेशनं सांगितलं नाही, श्वेस्टर मोनिकानं बोटांवर मोजून दाखवलं.

ऊर्मिलानं आज मला जेवताना विचारलं, "आई, तुम्ही कोणत्या दवाखान्यात जन्मलात?"

मी म्हटलं, मिशनच्या. हिला आत्ता हे काय सुचलं? मग विचारते, "सिस्टर चांगल्या होत्या का तिथल्या?" म्हटलं, बऱ्या होत्या. जेव आता. अळिवाची खीर ताटात तशीच ठेवू नकोस.

खाल्ली. सगळी वाटी.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ऊर्मिलानं दुकानातून गव्हाच्या कोंड्याचा पुडा आणलाय. पोट साफ होत नसेल. बाळंतिणीला होतो तो त्रास. मी म्हटलं, त्यापेक्षा रात्री मनुका भिजत घाल. "बरं," म्हणाली आणि पुडा घेऊन खाली गेली. पायरीवर बसून खाणार आहे का?

औषध लागू पडतंय की नाही हे उद्या कळेल म्हणाले. आज जास्त लिहवत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. लक्ष्मीपूजन

सावकाश लिहिते, नाहीतर विसरेन.

सकाळी चार करंज्या केल्या, दिव्याला एक दाखवली. बाकी दिवाळी नाही. अकराला दवाखान्यात गेलो. जिना उतरताना फ्राऊ हूबर दारातच उभ्या, चांगला निळा कोट घालून. त्यांनी ऊर्मिलाला जवळ घेतलं आणि हृषिकेशला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "विचारतायत, माझी छोटी कशी आहे?" आता पोर आमची, ह्यांची कुठून? पण म्हाताऱ्या माणसाचं प्रेम, म्हटलं असू दे.

आत गेलो. हात धुतले. ऊर्मिला रोजच्यासारखी खुर्चीवर बसली. मी मागं उभी. श्वेस्टर मोनिका लेनाच्या पेटीपाशी होती. तेवढ्यात आमचं मशीन ओरडलं. पडद्यावरचा आकडा नव्वदवरून खाली, ऐंशी, सत्तर. पोर निळी व्हायला लागली. मी ओरडणार, "अहो श्वेस्टर!", तोवर ऊर्मिला उठली. दोन्ही हात भोकांतून आत. एका हातानं डोकं धरलं, एकानं तळवा चोळला. आणि मोठ्यांदा म्हणाली, "एडिथ! एडिथ, श्वास घे. अगं ए एडिथ!"

श्वेस्टर धावत आली, पण तिनं हात लावला नाही. नुसती उभी राहिली. आकडा सत्तरवर थांबला. मग पंचाहत्तर. पोरीनं तोंड वाकडं केलं, रागावल्यासारखं, आणि घेतला श्वास.

"गेनाऊ," श्वेस्टर म्हणाली. म्हणजे बरोब्बर, असंच.

ऊर्मिलानं हात काढले नाहीत. डोळ्यांतून धार लागलेली, पुसायला हात मोकळा नाही. मी माझ्या पदरानं पुसलं. मग श्वेस्टरनं पोरीला नळ्यांसकट उचलून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वर चादर. इथं ह्याला कांगारू म्हणतात. तीन तास बसली तशी. हलली नाही.

हिला हे नाव सुचलं कसं? मी अजून विचार करतेय. फ्राऊ हूबरचं नाव घेतलं असणार, त्यांचा आधार वाटतो म्हणून. दुसरं काय. मी हळूच विचारलं, "एडिथ का गं?"

तर म्हणाली, "उसनं आहे, आई. आपलं नाही. आणि इंग्रजी आहे, कुणाला वाचता येणार नाही."

अगं, इथं सगळ्यांना इंग्रजी वाचता येतं! बाळंतपणात डोकं थोडं हलतंच. मी वाद घातला नाही.

पेटीवरचं कार्ड तिनं स्वतः लिहिलं. साळिंदराच्या खाली, मोठ्या अक्षरांत. मी ते अक्षर लावून वाचलं. ते मात्र लावायला वेळ लागला नाही.

बाहेर आल्यावर संडासात जाऊन पाच मिनिटं बसले. काही कारण नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

जंतू गेला. एक किलो सहाशे नव्वद. नाकातली नळी काढली. अख्ख्या वॉर्डात 'एडिथ, एडिथ' चाललंय. साफसफाईची बाईसुद्धा म्हणते. मी दर वेळी दचकते. परवा श्वेस्टर मोनिका मागून म्हणाली, "एडिथ, भूक लागली का?" हृषिकेशनं नंतर अर्थ सांगितला. मला न सांगताच कळला होता.

हृषिकेश आज श्टांडेसआम्टमध्ये गेला होता. जन्ममृत्यूची नोंद करतात ते ऑफिस. महिन्याच्या आत खरं नाव कळवावं लागतं, नाहीतर पत्रं यायला लागतात. नवराबायकोनं दार लावून फॉर्म भरला. मला म्हणतात, "बारशाला कळेल."

मी काही विचारलं नाही. एडिथच लिहिलं असेल तर? पोरीला जन्मभर म्हातारीचं नाव. शाळेत चिडवतील. आणि नसेल लिहिलं तर?

नसेल लिहिलं तर बरंच की. मला काय त्याचं.

३० नोव्हेंबर, रविवार

पोर शुक्रवारी घरी आली. दोन किलो चारशे. आज बारसं.

पाळणा म्हणजे पांढरी लाकडी खाट. मी दांडीला हृषिकेशचं लहानपणचं झबलं बांधलं, तेवढंच आणलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. माझी लेक सुलेखा नाशकात, म्हणून ती कॉम्प्युटरवर. "आई, कॅमेरा पोरीकडं कर, मला तुझं पोट दिसतंय!" म्हणून ओरडत होती. फ्राऊ हूबरना मी पाटावर बसवत होते, गुडघे वाकेनात, मग खुर्ची दिली. हातात घुगऱ्यांची वाटी. एकेक चणा मोजून खात होत्या.

सुलेखानं तिकडून कुर्र केलं आणि नाव सांगितलं. इरा.

चांगलं आहे. सोपं आहे. मराठीत लिहिता येतं, इथल्या लोकांना म्हणता येतं. उखाण्यातही बसेल. ऊर्मिला म्हणाली, हे नाव तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, हृषिकेशलासुद्धा नाही, फॉर्मच्या दिवसापर्यंत.

मी पोरीच्या कानात म्हटलं, "इरा." तिनं जांभई दिली.

एडिथ उतरली तर. बरोबरच आहे. असलं नाव उतरवायचंच असतं. माझ्या आईला जमलं नाही, हिला जमलं. शिकलेली आहे.

भांडी मीच घासली. कुणी मदतीला आलं तर हाकलून दिलं.

६ डिसेंबर, शनिवार

सोमवारी माझं विमान. व्हिसा संपतोय. बॅग भरली. वही इथंच ठेवायची, पोरीची आहे. जायच्या आधी बघावं म्हणून पहिलं पान उघडलं. ती रिकामी रेघ रिकामी नव्हती.

ऊर्मिलाचं अक्षर. बाटल्यांवर असतं तसंच, तारखेसकट.

'इरा. खाली: उसनं नाव, एडिथ. आजीकडून घेतलं २३ ऑक्टोबरला. अडतीस दिवस वापरलं. फ्राऊ हूबरनी पुडाभर कोंडा देऊन बाळ विकत घेतलं होतं, त्यांनी बारशाच्या दिवशी ओटीत परत घातलं. नावही ज्यांचं त्यांना परत. जसंच्या तसं आहे. ता. क. पोहे आता मोकळे होतात.'

म्हणजे हिनं सगळं वाचलं! पहिल्या पानापासून! पोह्यांचं वाचलं, प्रभाबाईंचं वाचलं, डोकं हललंय लिहिलं तेही वाचलं. मी तशीच वही घेऊन तिच्या खोलीत गेले, भांडायलाच गेले होते. ती पोरीला पाजत होती. माझ्या हातात वही बघितली आणि खाली मान घातली.

"दुसऱ्याचं लिहिलेलं वाचतात का?" मी म्हटलं.

"चुकलं, आई," म्हणाली. मग म्हणते, "पण वही माझीच होती ना."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, अळीव फ्रीजच्या वर आहेत, आळस करू नकोस. ऊर्मिला, हेही वाचशीलच. आळस करू नकोस.

पेटीवरचं साळिंदराचं कार्ड तिनं मला दिलं. पासपोर्टमध्ये ठेवलंय.

मग सांगलीला फोन लावला. विमानाची वेळ सांगायची होती. चार वेळा वाजला तेव्हा उचलला.

"हॅलो, कोण?"

मी म्हणणार होते, मी. तोंडात दुसरंच आलं.

"एडिथ."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली एक. मला वाटलं फोन कट झाला. कशाला बोलले म्हटलं, ह्या वयात.

मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बरं झालं तू भेटलीस," हे म्हणाले. "शैलाला एक निरोप दे. पिठाचा डबा सापडला म्हणावं."

म्हटलं, देते.